घटक ४ : पेशवाईच्या अखेरची लष्करी अस्थिरता आणि कोल्हापूर (१७९४ ते १८१२)

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस,
• अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी राज्यात निर्माण झालेल्या लष्करी अस्थिरतेची कारणे सांगता येतील.
• करवीर राज्य आणि पटवर्धन सरदार यांच्यातील संघर्षाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• फौजेचा पगार, सरंजाम आणि राजकीय निष्ठा यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविता येईल.
• चीनमधील लष्करी सरदारांच्या कालखंडाशी (१९१६ ते १९२८) या परिस्थितीची तुलना करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण चीनमधील १९११ ची क्रांती आणि युआन शिकाईच्या सत्तेचा उदय अभ्यासला. १९१६ मध्ये युआनचा मृत्यू झाल्यावर त्या विशाल देशात केंद्रीय शासन नावापुरते उरले आणि प्रांतोप्रांतीचे सेनापती आपापल्या फौजा घेऊन एकमेकांशी लढू लागले. चिनी भाषेत अशा सेनापतीला 'जुन्फा' म्हणतात. मराठीत आपण त्यास लष्करी सरदार म्हणू.

हा विषय वाचताना अनेक विद्यार्थ्यांना परक्या नावांची अडचण वाटते. दुआन छिरुई, वू पेइफू, झांग झुओलिन ही नावे पाठ होतात. पण ही माणसे लढत का होती, हे मनात ठसत नाही. म्हणून या घटकात आपण उलट दिशेने जाणार आहोत. कोल्हापूर, कागल, तासगाव, निपाणी, पुणे ही आपल्या नित्याच्या प्रवासातील गावे. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी याच गावांच्या परिसरात जवळजवळ तसाच प्रश्न उभा राहिला होता : राज्य एकाचे, शिक्का दुसऱ्याच्या हाती आणि फौज तिसऱ्याची, अशी स्थिती झाल्यावर आज्ञा कोणाची चालते? हा प्रश्न आपल्या भूमीत नीट समजला, तर चीनचा इतिहास समजणे अवघड जाणार नाही.

४.३ विषय विवेचन

४.३.१ सत्तेच्या तीन पायऱ्या

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्याची रचना कागदोपत्री स्पष्ट होती. साताऱ्यास छत्रपती हे राज्याचे धनी. त्यांच्या नावाने पुण्यास पेशवे कारभार करीत. पेशव्यांच्या आज्ञेत शिंदे, होळकर, पटवर्धन इत्यादी सरदार आपापल्या फौजांसह चाकरी करीत. कोल्हापूरचे स्थान मात्र या उतरंडीत बसत नव्हते. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशा छत्रपतींच्या दोन गाद्या स्वतंत्र झाल्या होत्या. त्यामुळे करवीरकर छत्रपती हे पेशव्यांचे चाकर नव्हते. तरीही त्यांच्या मुलखाच्या सीमेस लागून पेशव्यांच्या सरदारांचे सरंजाम होते आणि दोन्हीकडील गावे एकमेकांत मिसळलेली होती. संघर्षाचे बीज या सीमेतच होते.

व्यवहारात ही उतरंड उलटी झाली होती. साताऱ्याचे छत्रपती जवळजवळ नजरकैदेत राहत. पेशवे अल्पवयीन असल्यास कारभाऱ्याच्या हाती सत्ता जाई. आणि कारभाऱ्याची आज्ञा तरी कोण मानीत असे? ज्याच्या पदरी फौज कमी, तो.

४.३.२ फौज आणि तिचा पगार

या कालखंडाची किल्ली फौजेच्या पगारात आहे. म्हणून हा मुद्दा बारकाईने पाहा.

सरदारास फौज बाळगण्यासाठी रोख वेतन न देता मुलूख लावून दिला जाई. त्यास सरंजाम म्हणत. त्या मुलखाच्या उत्पन्नातून सरदाराने ठरावीक संख्येची फौज ठेवावी आणि सरकारने बोलावताच हजर व्हावे, अशी अपेक्षा असे. घोडदळात स्वतःचा घोडा आणणारे शिलेदार आणि धन्याच्या घोड्यावर चाकरी करणारे बारगीर असत. या स्वारास पेशवा ठाऊक होता तो नावाने. त्याची भाकरी सरदाराकडून येत होती. साहजिकच त्याची निष्ठाही सरदारापाशी होती.

महादजी शिंद्यांनी युरोपीय अधिकारी द बॉयन्य याच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. या पायदळाने रणांगणावर मोठे पराक्रम केले. परंतु त्याचा खर्च निराळ्या प्रकारचा होता. शेतीच्या दिवसांत घरी जाणारा स्वार सरंजामावर पोसता येई. बारमाही छावणीत राहणाऱ्या, बंदुका-तोफा वागविणाऱ्या पलटणीस दरमहा रोख पैसा लागे. उत्पन्न हंगामी आणि खर्च मासिक, अशी ही गाठ होती. पगार तुंबला की शिपाई सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसत आणि पैसा मिळेपर्यंत त्यास हलू देत नसत. आज आपण ज्याला धरणे आंदोलन म्हणतो, त्या शब्दाच्या इतिहासात शिपायांच्या तुंबलेल्या पगाराचेही एक पान आहे.

फौज मोठी करावी तर पगार भागत नाही. फौज मोडावी तर शेजारी गिळतो. यातून सुटण्याचा एकच मार्ग सरदारांना दिसे : दुसऱ्याचा मुलूख लुटणे, अथवा राजधानी ताब्यात घेऊन तेथील तिजोरी व शिक्का हस्तगत करणे.

४.३.३ चार वर्षांतील पोकळी (१७९४ ते १७९७)

अशी व्यवस्था अनुभवी माणसे असेपर्यंत कशीबशी चालते. परंतु अवघ्या चार वर्षांत ती माणसे नाहीशी झाली. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडी येथे वारले आणि दौलतराव हा तरुण वारस गादीवर आला. ऑगस्ट १७९५ मध्ये अहिल्याबाई होळकरांचे निधन झाले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात उंचावरून पडून मरण पावले. त्यांना संतती नव्हती. ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारले आणि त्यांच्या पुत्रांत वाद सुरू झाला.

पेशवेपदाच्या वारसाचा निर्णय आता फौजा करू लागल्या. नाना फडणवीस, परशुरामभाऊ पटवर्धन आणि दौलतराव शिंदे यांच्या डावपेचांत १७९६ साली प्रथम चिमाजीअप्पास पेशवाईची वस्त्रे मिळाली. नानांना महाडास जाऊन राहावे लागले. मग नानांनी तेथून सूत्रे हलवून डाव उलटविला आणि डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला. परशुरामभाऊ कैदेत पडले. पुढे वर्षभरात, ३१ डिसेंबर १७९७ रोजी, शिंद्यांनी खुद्द नानांनाच कैद केले. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हारराव होळकरास ठार केले होते. त्याचे भाऊ यशवंतराव व विठोजी निसटले. यशवंतराव नागपुराकडे गेला आणि विठोजीने कोल्हापूरचा आश्रय घेतला.

या घटनाक्रमातील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. पेशवेपद दुर्बळ झाले होते. पण कोणीही ते रद्द केले नाही. प्रत्येक पक्षास आपला पेशवा हवा होता. कारण सरंजामाची सनद पेशव्याच्या शिक्क्यानेच मिळे. लुटीला शिक्का मिळाला की ती वसुली ठरते. म्हणून नाममात्र सत्ताही निरुपयोगी नसते. तिच्यासाठीच रक्त सांडते.

४.३.४ कागलचा सर्जेराव

या काळाचा चेहरा एकाच माणसात पाहावयाचा झाल्यास सखाराम घाटगे ऊर्फ सर्जेराव याचे चरित्र पाहावे. कोल्हापूरच्या दक्षिणेस काही कोसांवर असलेल्या कागलच्या घाटगे घराण्यातील हा पुरुष. प्रथम करवीर दरबाराशी संबंध, तेथून परशुरामभाऊंकडे, पुढे नानांकडे आणि अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या पदरी, असा त्याचा प्रवास झाला. १७९८ मध्ये त्याची कन्या बायजाबाई हिचा विवाह दौलतरावांशी झाला आणि सर्जेराव शिंद्यांचा कारभारी बनला.

दौलतरावांची प्रचंड फौज पुण्यास पडून होती आणि तिचा पगार थकला होता. पेशवाई मिळविताना बाजीरावाने शिंद्यांना मोठी रक्कम कबूल केली होती. ती देण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता. तेव्हा पुणेकरांकडून ती वसूल करावी, असे ठरले आणि १७९८ मध्ये सर्जेरावाने सावकार, कारकून, गृहस्थ यांस धरून त्यांचा छळ करून पैसा काढला. राज्याची राजधानी राज्याच्याच फौजेकडून लुटली गेली.

सर्जेरावास केवळ क्रूर पुरुष म्हणून सोडून देणे सोपे आहे. तो क्रूर होताच. परंतु अभ्यासकाने पुढचा प्रश्न विचारावा : तो नसता तर तो पगार कोठून आला असता? व्यक्तीचा दोष आणि व्यवस्थेचा दोष वेगळे करून पाहण्याची सवय आपणांस लावून घ्यावयाची आहे. याच कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले यशवंतराव पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून विख्यात झाले. घराण्याच्या नावावरून माणसाची अथवा काळाची परीक्षा होत नाही, हे यावरून कळेल.

४.३.५ करवीर आणि पटवर्धन

आता कोल्हापूरकडे वळू. १७६२ ते १८१३ अशी दीर्घ कारकीर्द झालेले शिवाजी महाराज या वेळी करवीरच्या गादीवर होते. (राज्यसंस्थापक छत्रपती शिवाजी महाराजांशी या नावाची गल्लत करू नये.) लहान राज्य, भोवती बलाढ्य सरदार आणि सीमेवरील परगण्यांचे जुने वाद, अशा परिस्थितीत त्यांनी राज्य टिकविले.

१७९६ मध्ये महाडास असलेल्या नानांना परशुरामभाऊंविरुद्ध मित्र हवे होते. त्यांनी करवीरकरांस पटवर्धनांच्या मुलखावर चालून जाण्यास उत्तेजन दिले. कोल्हापूरलाही गेलेला मुलूख परत मिळविण्याची ही संधी वाटली. पुढील दोन-तीन वर्षांच्या धामधुमीत करवीरच्या फौजेने पटवर्धनांच्या ताब्यातील प्रदेशात खोलवर धडक मारली आणि परशुरामभाऊंचे तासगाव वाड्यासह जाळले.

दरम्यान १७९८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी आपली सत्ता परत मिळविण्याचा प्रयत्न केला. तो मोडण्यासाठी पुणे दरबारने कैदेतील परशुरामभाऊंनाच सोडून फौज जमविण्यास सांगितले. त्यांनी सातारा काबीज केला. छत्रपतींचे बंधू चतुरसिंग निसटून कोल्हापुरास आले आणि करवीरच्या फौजेस मिळाले. विठोजी होळकर, चतुरसिंग अशी पुण्याच्या रोषास पात्र झालेली माणसे कोल्हापुरास येत होती, यावरून या गादीचे त्या काळातील स्थान ध्यानात येते.

आता नाना पुन्हा कारभारात आले होते आणि ज्या कोल्हापूरला त्यांनी उत्तेजन दिले, त्याच कोल्हापूरवर त्यांनी परशुरामभाऊंना पाठविले. तीन वर्षांत मित्र शत्रू झाले आणि शत्रू मित्र झाले. सप्टेंबर १७९९ मध्ये चिकोडी-निपाणी भागातील पट्टणकुडी येथे लढाई झाली. परशुरामभाऊ तीत पडले. खर्ड्याच्या १७९५ च्या मोहिमेत मराठी फौजांचे नेतृत्व करणारा हा वृद्ध सेनानी परकीयांशी नव्हे, तर शेजारच्या मराठी फौजेशी लढताना मेला.

त्यांचे पुत्र रामचंद्र अप्पा यांनी सूड घेण्यासाठी पुण्याहून आलेल्या कुमकेसह कोल्हापूरला वेढा घातला. शिंद्यांच्या कवायती पलटणी मेजर ब्राउनरिगच्या हाताखाली त्यांच्या मदतीस होत्या. शहर झुंजत होते. त्यातच १३ मार्च १८०० रोजी पुण्यास नाना फडणवीस वारले. नाना जाताच पुण्यातील पट बदलला. नानांचे पाठीराखे म्हणून पटवर्धनांवरच आता बाजीराव आणि शिंदे यांची वक्रदृष्टी वळली आणि कोल्हापूरचा वेढा उठला. शहराच्या शिबंदीने धीर धरला, हे खरे. पण वेढा उठण्याचे कारण पुण्याच्या राजकारणात होते, हेही तितकेच खरे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १
अ) वारणेचा तह कोणत्या वर्षी झाला?
आ) मल्हारराव होळकराच्या वधानंतर विठोजीने कोठे आश्रय घेतला?
इ) परशुरामभाऊ पटवर्धन कोणत्या लढाईत मरण पावले?
ई) कवायती पायदळास सरंजामाची पद्धत अपुरी का पडली? (दोन वाक्यांत)

४.३.६ अस्थिरतेचा शेवट

एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरास पकडून बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव होळकराने २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस त्याने इंग्रजांशी तह केला. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेने त्याला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसविले. पेशव्याचा शिक्का आता इंग्रजांच्या पहाऱ्यात गेला.

कोल्हापूरचे युद्ध मात्र थांबले नाही. निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर यांच्याशी चिकोडी व मनोळी या परगण्यांवरून संघर्ष सुरूच राहिला. त्यात करवीरचे बळ क्षीण झाले. अखेर १ ऑक्टोबर १८१२ रोजी कोल्हापूरने इंग्रजांशी तह केला. सिंधुदुर्गासह मालवण बंदर इंग्रजांस द्यावे लागले, चिकोडी-मनोळीवरील हक्क सोडावा लागला आणि इतर राज्यांशी वाद झाल्यास इंग्रजांचा निर्णय मानण्याचे बंधन आले. त्याच्या मोबदल्यात राज्याच्या उर्वरित मुलखास संरक्षणाची हमी मिळाली. पुढे सहाच वर्षांत पेशवाई बुडाली. कोल्हापूरचे राज्य मात्र १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. या टिकण्याची किंमत १८१२ मध्ये चुकविली गेली होती. ती रास्त होती का, यावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात. आपणही दोन्ही बाजू मांडण्याचा प्रयत्न करावा.

४.३.७ रयतेच्या बाजूने

आतापर्यंत आपण सरदारांची नावे घेतली. परंतु फौज ज्या गावावरून जाई, तेथील माणसांचे काय होत असे? उभ्या पिकात घोडी सोडली जात. वैरण, धान्य, सरपण यांची मागणी होई. एका फौजेस खंडणी दिली म्हणून दुसरी फौज गाव जाळी. कुणब्याने पेरणी कोणाच्या भरवशावर करावी? गावेच्या गावे परागंदा होत. होळकर-शिंदे यांच्या धामधुमीनंतर पाऊसही ओढला आणि १८०३-०४ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. पावसाची ओढ हे निसर्गाचे काम. पण पेवांतले धान्य फौजांनी आधीच नेले होते, हे माणसांचे.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. ज्याचे शेत उजाड झाले, तोच तरुण पोटासाठी कोणाच्या तरी फौजेत अथवा पेंढाऱ्यांच्या टोळीत सामील होई. युद्धामुळे दारिद्र्य आणि दारिद्र्यामुळे युद्धास नवे मनुष्यबळ, असे हे रहाटगाडगे होते.

४.३.८ चीनशी तुलना

आता चीनच्या नकाशाकडे परत जाऊ. १९१६ नंतर युआन शिकाईने घडविलेल्या बेइयांग सेनेचे तुकडे झाले. आनह्वेइ, झिली आणि फेंगतियान हे तीन प्रमुख गट १९२०, १९२२ आणि १९२४ मध्ये बीजिंगच्या ताब्यासाठी लढले.

साम्ये : (१) पुण्यास जे पेशव्याच्या शिक्क्याचे महत्त्व, तेच बीजिंगला होते. परकीय राष्ट्रे बीजिंगच्या सरकारलाच मान्यता देत. म्हणून जकातीचा शिल्लक पैसा आणि विदेशी कर्जे त्यालाच मिळत. (२) जुन्या गादीचे नाव वापरण्याचे प्रयत्न झाले. जुलै १९१७ मध्ये झांग शून या सेनापतीने पदच्युत बालसम्राट पु-यी यास पुन्हा गादीवर बसविले. तो प्रयोग दोन आठवडेही टिकला नाही. (३) पक्षबदल नित्याचा होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये फेंग युशियांग आपल्याच गटाविरुद्ध उलटला आणि त्याने बीजिंग ताब्यात घेतले. (४) पगारासाठी रयत नागवली गेली. सिचुआनसारख्या प्रांतात पुढील अनेक वर्षांचा जमीन महसूल आगाऊ वसूल केला जाई.

भेद : (१) चीनमध्ये सम्राटपद रद्द होऊन प्रजासत्ताक आले होते, त्यामुळे सत्तेचा दावा संविधान आणि संसद यांच्या नावाने करावा लागे. १९२३ मध्ये छाओ कुन याने संसद सदस्यांना लाच देऊन अध्यक्षपद मिळविले. पुण्यात वस्त्रे आणि सनदा होत्या, मतपेटी नव्हती. (२) शेवट निराळा झाला. चीनमध्ये १९२४ मध्ये स्थापन झालेल्या व्हांपोआ लष्करी विद्यालयातून पक्षनिष्ठ सेना तयार झाली आणि १९२६ ते १९२८ च्या उत्तर मोहिमेने देश निदान नावापुरता एक झाला. मराठी राज्यात अशी नवी राजकीय शक्ती आतून उभी राहिली नाही. शिक्का परकीयांच्या हाती गेला. अर्थात चीनलाही परकीय हस्तक्षेप चुकला नाही. जून १९२८ मध्ये झांग झुओलिनची आगगाडी जपानी अधिकाऱ्यांनी उडवून दिली. (३) करवीर ही छत्रपतींची गादी होती. तिला पुण्याच्या एखाद्या सरदाराच्या पंक्तीस बसविणे योग्य नाही. जुन्फा हा शब्द शिंद्यांच्या फौजेस काही अंशी लागू पडेल. करवीर राज्यास तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तुलना करताना साम्य शोधण्याच्या भरात भेद पुसू नयेत.

४.३.९ साधनांचा विचार

या संघर्षाची कहाणी आपण कोणाच्या कागदांतून वाचतो? वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या ग्रंथमालेत प्रसिद्ध केलेली पत्रे मुख्यतः पटवर्धन दप्तरातील आहेत. त्यांत करवीरकर शत्रू म्हणून दिसतात, हे स्वाभाविक आहे. ग्रँट डफ याचा १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला मराठ्यांचा इतिहास विजेत्या सत्तेच्या अधिकाऱ्याने लिहिला आहे. करवीर दप्तरातील कागद वाचले की तीच घटना वेगळी दिसते. आपल्यापैकी कोणी कोल्हापूरचा असेल, कोणी तासगाव-मिरजेचा. लहानपणी ऐकलेली गोष्ट प्रत्येकाची निराळी असेल. ती टाकून देऊ नका. पण तिच्या शेजारी दुसऱ्या गावची गोष्ट ठेवा. इतिहासाचा अभ्यास तेथून सुरू होतो.

४.४ सारांश

१७९४ ते १७९७ या काळात मराठी राज्यातील अनुभवी नेतृत्व नाहीसे झाले. फौजा सरदारांच्या निष्ठावंत होत्या आणि त्यांचा रोख पगार भागविण्याची शाश्वत व्यवस्था नव्हती. त्यामुळे राजधानी आणि पेशव्याचा शिक्का यांसाठी यादवी माजली. करवीर-पटवर्धन युद्ध, पट्टणकुडीची लढाई आणि १८०० चा वेढा हे या यादवीचेच भाग होते. १८०२ चा वसईचा आणि १८१२ चा कोल्हापूरचा तह यांनी लढाया थांबविण्याचा अधिकार इंग्रजांकडे गेला. चीनमध्येही शासन आणि सेना यांची फारकत झाल्यावर अशीच अवस्था आली. तिचा शेवट मात्र निराळ्या मार्गाने झाला. दोन्ही ठिकाणी सर्वांत मोठी किंमत रयतेने मोजली.

४.५ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

सरंजाम : फौज बाळगण्यासाठी सरदारास लावून दिलेला मुलूख.
शिलेदार : स्वतःचा घोडा व हत्यार आणून चाकरी करणारा स्वार.
बारगीर : धन्याच्या घोड्यावर चाकरी करणारा स्वार.
शिबंदी : किल्ला अथवा शहर यांच्या रक्षणासाठी ठेवलेली फौज.
खंडणी : लूट टाळण्यासाठी फौजेस द्यावी लागणारी रक्कम.
पेव : धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा.
परागंदा होणे : गाव सोडून देशोधडीस लागणे.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १७३१. आ) कोल्हापूर. इ) पट्टणकुडीची लढाई (१७९९). ई) कवायती पायदळ बारमाही छावणीत असल्याने त्यास दरमहा रोख पैसा लागे. सरंजामाचे उत्पन्न शेतीच्या हंगामावर अवलंबून असल्याने ते वेळेवर व पुरेसे मिळत नसे.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१) 'लुटीला शिक्का मिळाला की ती वसुली ठरते' या विधानाची पुणे आणि बीजिंग येथील उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.
२) १७९६ ते १८०० या काळातील कोल्हापूर, पटवर्धन आणि पुणे दरबार यांच्या बदलत्या संबंधांचा आढावा घ्या.
३) १८१२ च्या तहाने कोल्हापूरने काय गमावले व काय राखले?
४) टीपा लिहा : सर्जेराव घाटगे, हडपसरची लढाई, उत्तर मोहीम.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावात गढी, बुरूज, गावकूस अथवा जुनी वेस यांचे अवशेष असल्यास त्यांची पाहणी करा. त्यांच्याविषयी गावातील वयस्कर मंडळी काय सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मग शेजारच्या, शक्यतो दुसऱ्या संस्थानात असलेल्या गावी जाऊन तीच हकीकत विचारा. दोन्ही निवेदनांत कोण शूर आहे, कोण लुटारू आहे आणि कोणाचा उल्लेखच नाही, याची नोंद करून दोन पृष्ठांचा अहवाल लिहा. ज्यांचा उल्लेख नाही, त्यांच्यासाठी शेवटचा परिच्छेद राखून ठेवा.